पिल्लाचा काय गुन्हा?

मैत्रिणींनो, इसापनीतीतले प्राणी आपल्याला पाठ असतात. कोल्हा लबाड, ससा गरीब, लांडगा दुष्ट. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ कादंबरीतली वानरं मात्र अशी ठरीव नाहीत. म्हणूनच ती मनातून जात नाहीत.

माडगूळकर आपल्याच सांगली जिल्ह्यातले. आम्हा आष्टेकरांकडे कृष्णाकाठचा ऊस, तर त्यांच्या माडगुळ्याकडे माणदेशचा कोरडा माळ. त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) बऱ्याच जणींनी वाचलेली असते. छोटेखानी ‘सत्तांतर’ १९८२ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वानरांच्या टोळीवर एका हुप्प्याचं राज्य असतं. त्याला हटवून नवा येतो आणि जुन्याची दूधपिती पिल्लं जिवाला मुकतात. भांडण मोठ्यांचं, जीव जातो तो आईच्या पोटाला बिलगलेल्या पिल्लाचा!

ही नुसती कल्पना नव्हे. युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळ आणि सारा हर्डी यांनी १९७०च्या दशकात अबूच्या पहाडावर हेच नोंदवलं. अंगावर पाजणारी मादी लवकर गाभण राहत नाही. नव्या हुप्प्याला आपला वंश हवा असतो आणि त्याची सत्ताही थोड्या दिवसांची. त्याला दुष्ट तरी कसं म्हणायचं? त्याला दुसरं काही ठाऊकच नाही.

पण माणसाला ठाऊक असतं ना? आमच्या महिला मंडळात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एकजण म्हणाली, “ताई, हे तर आमच्याच घरचं सांगितलंसा की!” तिचा नवरा वारला आणि चार महिन्यांत सगळा कारभार दिराच्या हाती गेला. सातवीतल्या पोरीची शाळा बंद झाली. पोरीचा गुन्हा काय, तर तिचा बाप गेला! कळत असून केलेला हा अन्याय.

हर्डींनी आणखी एक गोष्ट पाहिली. पिल्लावर हल्ला झाला, की टोळीतल्या म्हाताऱ्या माद्या मध्ये पडतात. दर वेळी यश येतंच असं नाही, तरी त्या मागं हटत नाहीत. आमच्या मंडळातल्या एक आजीही तशाच उठल्या. “चला, मी येते,” म्हणाल्या. आम्ही पाचजणी त्या घरी गेलो. पोरगी शाळेत जाऊ लागली. जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही, पण वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मयताच्या मिळकतीत बायको आणि मुलगी दोघींचाही वाटा असतो, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, वाचनालयातून ‘सत्तांतर’ जरूर आणा. आणि शेजारच्या घरात कारभार बदलला, की आधी तिथली लेकरं कशी आहेत ते बघून या.