त्रिपुर
त्रिपुर : मय या दानव-स्थपतीने असुरांसाठी निर्माण केलेला तीन कल्पित नगरांचा समूह. सोने, रुपे व लोखंड यांची ही नगरे अनुक्रमे स्वर्गात, अंतरिक्षात व पृथ्वीवर होती. ती स्वेच्छेने संचार करीत व दीर्घ काळाने एकदाच एकत्र येत. त्या क्षणी शिवाने एकाच बाणाने ती जाळली, म्हणून त्यास त्रिपुरारी, त्रिपुरांतक इ. नावे मिळाली. मानवेतर जातीच्या कल्पित नगराची भारतीय वाङ्‌मयातील जी सविस्तर वर्णने आहेत, त्यांत त्रिपुराच्या वर्णनाचे स्थान महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात ही कथा पुणे जिल्ह्यातील रांजणगाव व भीमाशंकर या क्षेत्रांशी आणि कार्तिकी पौर्णिमेच्या दीपोत्सवाशी निगडित आहे. ईशान्य भारतातील त्रिपुरा राज्याच्या नावाशी या कथेचा संबंध जोडण्यास निश्चित आधार नाही.

वैदिक मूळ : कथेचे बीज यजुर्वेदाच्या संहिता व ब्राह्मणग्रंथ यांत सापडते. तैत्तिरीय संहितेनुसार असुरांची तीन पुरे होती : सर्वांत खालचे अयसाचे, त्यावरचे रुप्याचे व सर्वांत वरचे सोन्याचे. देवांना ती बळाने जिंकता येईनात, तेव्हा त्यांनी वेढा घालून ती जिंकण्याचे ठरविले. अग्नी, सोम व विष्णू यांना बाणाच्या निरनिराळ्या भागांच्या ठायी योजून त्यांनी एक बाण सिद्ध केला आणि तो रुद्राने सोडला. मोबदल्यात रुद्राने पशूंचे आधिपत्य मागून घेतले. सोमयागातील ‘उपसद्’ नावाच्या विधीचे कारण सांगण्यासाठी ही कथा आली आहे. ‘उपसद्’ या शब्दात वेढा घालून बसण्याचा अर्थही आहे. या अवस्थेत ‘पुर’ म्हणजे केवळ तटबंदीचे ठिकाण होय. तेथे कोण राहत होते, त्यांचे जीवन कसे होते, यांविषयी वैदिक ग्रंथांना कुतूहल नाही. किल्ल्याचे नगर झाले ते महाभारत व पुराणे यांच्या काळात.

महाभारतातील कथा : कर्णपर्वात दुर्योधन ही कथा शल्याला सांगतो. कर्णाचे सारथ्य करणे शल्याला कमीपणाचे वाटते; शिवाच्या रथावर प्रत्यक्ष ब्रह्मदेव सारथी होता, हे त्यास पटविण्यासाठी दुर्योधन हा दाखला देतो. तारकासुराचे तारकाक्ष, कमलाक्ष व विद्युन्माली हे तीन पुत्र तप करून ब्रह्मदेवाकडे अमरत्व मागतात. ते नाकारले गेल्यावर, तीन पुरांत राहून आम्ही पृथ्वीवर संचार करू, सहस्र वर्षांनी पुरे एकत्र येतील आणि त्या वेळी जो एकाच बाणाने ती भेदील त्याच्याच हातून आम्हांस मृत्यू यावा, असा वर ते मिळवितात. प्रत्येक पुर शंभर योजने लांब व तितकेच रुंद होते. सोन्याचे पुर तारकाक्षाचे, रुप्याचे कमलाक्षाचे व लोखंडाचे विद्युन्मालीचे. मेलेले योद्धे पुन्हा जिवंत करणारी एक वापीही तेथे होती. पुढे असुरांच्या उपद्रवाने त्रस्त झालेले देव शिवास शरण जातात. पृथ्वी रथ होते, विष्णू, अग्नी व सोम यांचा बाण होतो आणि तिन्ही पुरे जळून पश्चिम समुद्रात पडतात.

मत्स्यपुराणातील नगर : त्रिपुराचे नगर म्हणून खरे दर्शन मत्स्यपुराणात घडते. येथे मय हा केवळ कारागीर नसून कथेचा नायकच आहे. महाभारतात युधिष्ठिराची सभा बांधणारा तो हाच. मयमत हा दक्षिणेतील वास्तुशास्त्रावरील ग्रंथही त्याच्याच नावावर आहे. नगर बांधण्यापूर्वी तो मनाशी आखणी करतो : तट कोठे, गोपुरे कोठे, बुरूज कोठे, राजमार्ग किती रुंद, रुद्राचे देवालय कोणत्या जागी, तळी व उपवने कोठे. पुरांमध्ये शंभर-शंभर योजनांचे अंतर ठेवले जाते व सोन्याच्या पुरात मय स्वतः राहतो. चंद्रोदयानंतरची तेथील रात्र, घराघरांतील दिवे, गाणी व स्त्री-पुरुषांचे विलास यांचे वर्णन काव्यात शोभावे असे आहे. विशेष म्हणजे हे नागरिक धर्मशील असून शिवाची पूजा करणारे आहेत. पराभूत होऊन आश्रय शोधणाऱ्या एका जातीचे हे सुरक्षित घर आहे, ही जाणीव या वर्णनामागे सतत असते.

नगराचा ऱ्हास आतून सुरू होतो. मयाला अशुभ स्वप्न पडते. अलक्ष्मी, असूया, तृष्णा, बुभुक्षा, कली व कलह हे नगरात शिरतात. लोक दिवसा झोपू लागतात, वडीलधाऱ्यांचा अवमान करतात, आपसांत भांडतात. मय त्यांना सावध करतो. परंतु त्याच्या बोलण्याचा उपयोग होत नाही. अखेर पुष्य नक्षत्राच्या योगावर पुरे एकत्र येतात आणि शिव बाण सोडतो. बाण सुटताच शिव स्वतःचाच धिक्कार करतो, कारण आपला भक्त मय त्यात जळेल हे त्याच्या ध्यानी येते. नंदी बाणाहूनही वेगाने धावत जाऊन मयाला सूचना देतो व मय आपल्या घरासह बाहेर पडतो. इतर नागरिकांना ही सवलत मिळत नाही. जळणारे प्रासाद, पतीला बिलगलेल्या स्त्रिया व मुले यांचे वर्णन पुराणकाराने विजयाच्या आनंदाने नव्हे, तर करुणेने केले आहे. याच पुराणातील नर्मदामाहात्म्यात बाणासुराच्या त्रिपुराची निराळी कथा आहे. तीत जळणाऱ्या स्त्रिया अग्नीलाच जाब विचारतात.

नाशाचे समर्थन : धर्माने वागणाऱ्या भक्तांचे नगर देवाने का जाळावे, हा प्रश्न कथेतच उभा राहतो व निरनिराळ्या ग्रंथांनी तो निरनिराळ्या रीतीने सोडविला आहे. वैदिक ग्रंथांत असुर हे शत्रू आहेत, एवढेच पुरेसे ठरते. महाभारतात ते वरामुळे उन्मत्त होऊन लोकांस पीडा देतात. मत्स्यपुराणात त्यांचे आचरण बिघडते. लिंगपुराण व शिवपुराण यांत हा पेच सर्वांत तीव्र होतो. शिवपुराणात, त्रिपुरवासी पुण्यशील असेपर्यंत त्यांचा वध करता येणार नाही, असे शिव स्पष्ट सांगतो. तेव्हा विष्णू एक मायावी उपदेशक निर्माण करून त्यांना वेदमार्गापासून ढळवितो आणि मगच नाश घडतो. या उपदेशकाच्या वर्णनात जैन व बौद्ध श्रमणांची लक्षणे दिसतात. तत्कालीन पंथीय संघर्षाचे ते प्रतिबिंब होय. भागवतपुराणात विष्णू गायीचे व ब्रह्मदेव वासराचे रूप घेऊन संजीवक रसाचा कूप पिऊन टाकतात. उत्तरे बदलत गेली, तरी शत्रूच्या नगराला दोष सिद्ध झाल्याशिवाय जाळता येत नाही, ही नैतिक अडचण पुराणकारांनी टाळली नाही, हे लक्षणीय आहे.

नाट्य व शिल्प : भरताच्या नाट्यशास्त्रानुसार आरंभीच्या नाट्यप्रयोगांत त्रिपुरदाह या ‘डिम’ प्रकारच्या रूपकाचा समावेश होता व तो हिमालयावर शिवासमोर करण्यात आला. कालिंजरच्या परमर्दिदेवाच्या आश्रयास असलेल्या वत्सराजाने याच नावाचा डिम लिहिला. शिल्पात रथारूढ, धनुष्य ताणलेला शिव व सारथी ब्रह्मदेव असा त्रिपुरांतकाचा आविष्कार रूढ आहे. वेरूळच्या दशावतार (क्र. १५) व कैलास (क्र. १६) या लेण्यांत तो पाहावयास मिळतो. तंजावर येथील बृहदीश्वर मंदिरातील चोलकालीन भित्तिचित्रांतही हा प्रसंग रंगविलेला आहे.

अन्वयार्थ : तमिळ शैव परंपरेतील तिरुमूलराच्या तिरुमंदिरम् या ग्रंथात त्रिपुर म्हणजे जीवाला बांधणारे तीन मल, असा अर्थ लावला आहे. वेदान्ताच्या अंगाने स्थूल, सूक्ष्म व कारण हे तीन देह म्हणजे तीन पुरे, असेही सांगितले जाते. अशा अर्थांमुळे नाशाचा प्रश्न सौम्य होतो, कारण तेथे जळतात ते नागरिक नव्हेत, तर बंधने.

पाश्चात्त्य परंपरेशी तुलना : यूरोपीय लोककथांतील ‘एल्फ’ ही मानवाहून भिन्न, सुंदर व दीर्घायू जात असुरांशी तंतोतंत जुळत नाही, तथापि तिच्या नगरांची कल्पना तुलनेस उपयुक्त आहे. प्राचीन स्कँडिनेव्हियन वाङ्‌मयात त्यांच्या लोकाला आल्फहेम म्हटले आहे. इंग्रज लेखक जॉन रॉनल्ड रूएल टॉल्किन (१८९२–१९७३) याने पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहावयास घेतलेल्या गोंडोलिन या एल्फ-नगराच्या कथेत पर्वतांच्या कड्यात लपलेले, अजिंक्य मानले गेलेले नगर घरभेद्यामुळे शत्रूच्या हाती पडते व जळते. वाचकाची सहानुभूती तेथे सर्वस्वी नगराच्या बाजूने असते. त्रिपुरकथेत नगर जाळणारा देव हाच पूज्य आहे आणि तरीही नगराविषयी हळहळ व्यक्त होते. हा दोन्हींतील मुख्य भेद होय.

शिरूर परिसरातील स्थानकथा : पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, पुण्यापासून सु. ५० किमी.वर, शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे क्षेत्र आहे. गणेशपुराणात त्रिपुरासुर ही एकच व्यक्ती असून तो गृत्समद ऋषीचा पुत्र आहे. लोखंड, रुपे व सोने यांची तीन पुरे त्यास गणेशाकडूनच मिळतात. मूळ कथेतील तीन बंधूंचा असा एक असुर झाला व नगराचे नाव त्याचे व्यक्तिनाम बनले. त्रिपुरासुराशी लढताना शिवाला प्रथम यश आले नाही, कारण त्याने आरंभी गणेशाचे पूजन केले नव्हते. ते केल्यावर त्याने एका बाणात पुरे जाळली. हे पूजन रांजणगाव येथे झाले व शिवाने तेथे वसविलेल्या गावाचे नाव मणिपूर होते, असे स्थानमाहात्म्य सांगते. मंदिराचा दगडी गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी व सभामंडप इंदूरच्या किबे सरदारांनी बांधविला, असे सांगतात.

रांजणगावाला लागून असलेल्या कारेगावच्या शिवारात आता महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रांजणगाव औद्योगिक वसाहत आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडून भीमा नदी वाहते. तिच्या पलीकडे दौंड तालुका लागतो. या नदीची कथाही त्रिपुराशीच जोडलेली आहे : युद्धानंतर शिव सह्याद्रीवर विसावला आणि त्याच्या घामापासून भीमा उत्पन्न झाली, असे भीमाशंकरचे माहात्म्य आहे. युद्धापूर्वीचे पूजन रांजणगावी व युद्धानंतरची विश्रांती भीमाशंकरी, अशी कथेची दोन टोके एकाच जिल्ह्यात येतात. या दोन्ही माहात्म्यांत दग्ध नगराचे अवशेष नव्हे, तर देवाच्या कृतीच्या खुणा जमिनीवर दाखविल्या जातात. याउलट नर्मदामाहात्म्यात जळत्या पुराचे भाग श्रीशैल व अमरकंटक येथे पडल्याचे सांगितले आहे, तर जबलपूरजवळील तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी हिच्याशीही नामसाम्यामुळे कथेचा संबंध जोडला जातो.

दीपोत्सव : त्रिपुरदाह कार्तिक शुद्ध पौर्णिमेस झाला, अशी समजूत असल्याने या तिथीला त्रिपुरारी किंवा त्रिपुरी पौर्णिमा म्हणतात. महाराष्ट्रात त्या रात्री देवळांतील दीपमाळा उजळतात, नदीच्या घाटांवर पणत्या लावतात व पाण्यात दिवे सोडतात. गोव्यात साखळीजवळील विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीवर सजविलेल्या नौकांचा उत्सव होतो. शिवालयात साडेसातशे पदरांची ‘त्रिपुरवात’ लावण्याची चाल अनेक घराण्यांत आहे. देवळापुढे होणाऱ्या या रोषणाईलाच मराठीत ‘त्रिपुर’ म्हणतात व ती करण्यास ‘त्रिपुर लावणे’ अथवा ‘त्रिपुर पाजळणे’ असे म्हणतात. अशा रीतीने वैदिक ग्रंथांत शत्रूच्या किल्ल्याचे, पुराणांत एका जळालेल्या नगराचे व पुढे असुराचे असलेले हे नाव मराठी बोलण्यात देवापुढील दिव्यांचे नाव झाले आहे.