ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याची सेवाही पारखा



ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की आपण अश्वशक्ती, किंमत आणि सवलत पाहतो. शोरूममधल्या चहाने आणि गोड बोलण्यानेही माणूस भुलतो. पण गटागटांत फिरताना आम्हांस असे दिसते, की दुसरा ट्रॅक्टर घेताना शेतकरी पहिल्या वेळी मिळालेली सेवाच आठवतो. ऐन गळीत हंगामात ट्रॅक्टर बंद पडला तर भरलेली ट्रॉली फडातच उभी राहते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही उतरतो. अशा वेळी बांधावर मेकॅनिक पाठवील, तोच खरा विक्रेता.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा :

१) मेकॅनिक किती? सुटे भाग तालुक्यात मिळतात का?
२) पहिली सर्व्हिसिंग साधारणतः ५० तासांनी येते. ती फुकट असली तरी ऑइल-फिल्टरचे पैसे कोणाचे?
३) हमी किती वर्षांची, किती तासांची?

उत्तरे कोटेशनवर लिहून घ्या. जुन्या गिऱ्हाइकांना भेटा. पक्के बिल जपा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे.

सवलत एकदाच मिळते. सेवा दर हंगामात लागते.

— ऊस विकास विभाग