प्रोबसची सहा अक्षरं

२०२० साली लंडनमधल्या एका लिलावात ब्रुटसचं सोन्याचं नाणं ४० लाख डॉलरांच्या वर गेलं. सीझरच्या खुनाचा दिवस आणि दोन खंजीर मिरवणारं ते नाणं. पुढे त्याच्या पूर्वीच्या मालकीची कागदपत्रं बनावट असल्याचं उघड झालं, अमेरिकेतल्या तपास यंत्रणेनं ते जप्त केलं आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं. रोमन नाणी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असलंच काहीतरी येतं आणि सामान्य पगारदार माणूस तिथूनच मागे फिरतो. त्यानं फिरू नये, एवढ्यासाठी हा लेख.

मी ज्यांच्या नादी लागलो, ती नाणी सम्राट प्रोबसची. इसवी सन २७६ ते २८२ ही त्याची कारकीर्द. नाणं सुमारे २२ मिलिमीटर रुंद, वजन जेमतेम चार ग्रॅम. आत तांबं, वर चांदीचा विरळ मुलामा. नाक-डोळे शाबूत असलेलं, अक्षरं वाचता येणारं नाणं चार-पाच हजार रुपयांत मिळू शकतं. माझ्या मते ते ऑगस्टसच्या झिजलेल्या चांदीच्या दिनारापेक्षा कितीतरी देखणं असतं.

स्वस्ताईचं कारण साधं आहे. तिसऱ्या शतकात रोमन चांदीचं पार मातेरं झालं होतं. सम्राट ऑरेलियननं २७४ च्या सुमारास नाणं थोडंफार सावरलं आणि खालच्या पट्टीत रोमन आकड्यांत एकवीसची खूण घातली. वीस भाग तांब्याला एक भाग चांदी, असा तिचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. ही नाणी अफाट संख्येनं पाडली गेली आणि धामधुमीच्या काळात लोकांनी ती हंडेच्या हंडे पुरून ठेवली. इटलीत व्हेरोनाजवळ ला व्हेनेरा इथे १८७६ मध्ये अशा चाळीस हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. लुइजी मिलानी यांनी त्याची यादी १८८० मध्ये छापली.

पण प्रोबसच का? कारण त्याचे मुखवटे. आधीचे सम्राट बहुधा किरणांचा मुकुट घालून ठरावीक ठेवणीत उजवीकडे बघत राहतात. प्रोबस कधी शिरस्त्राण चढवून, खांद्यावर भाला आणि पुढे ढाल घेऊन डावीकडे बघतो. कधी कॉन्सलचा भरजरी झगा पांघरून गरुडाचा राजदंड हातात धरतो. भिंगाखाली त्या झग्यावरच्या नक्षीचा ठिपकान् ठिपका मोजता येतो. मागच्या बाजूला चार घोड्यांच्या रथातला सूर्य असेल, तर विचारूच नका. रोमन नाण्यांच्या १९३३ च्या प्रमाण सूचीत एकट्या प्रोबसला नऊशेहून अधिक क्रमांक दिलेले आहेत. सहा वर्षांच्या कारकिर्दीला एवढे!

या पसाऱ्यात पहिली वाट पाडली ती एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नाच्या काही संग्राहकांनी. त्यांनी एकेक सम्राट जणू वाटूनच घेतला होता. मार्कल यांनी क्लॉडियस गॉथिकस धरला, रोडे यांनी ऑरेलियन आणि अलेक्झांडर मिसाँग यांनी प्रोबस. आज या नावांची नाणेशास्त्राबाहेर कोणाला ओळख नाही. तरीही एकाच राजाची हजारो सामान्य नाणी शेजारी शेजारी मांडून बघणं ही त्यांची पद्धत मला दुर्मीळ नाण्यांच्या शिकारीपेक्षा मोलाची वाटते. कारण पुढची गोष्ट एका नाण्यावरून कधीच कळली नसती.

तिकिनम, म्हणजे आजचं पाव्हिया, इथल्या टांकसाळीत सहा विभाग होते. प्रत्येक विभाग खालच्या पट्टीत आपला क्रमांक घालत असे. एका मालिकेत मात्र या क्रमांकाबरोबरच देवतेच्या बाजूला एक सुटं अक्षर दिसतं. पहिल्या विभागाच्या नाण्यावर ई, दुसऱ्याच्या क्यू, मग व्ही, आय, टी आणि पुन्हा आय. सहा नाणी ओळीनं लावली की शब्द तयार होतो: ‘इक्विती’. खुद्द रोमच्या टांकसाळीत सात विभाग होते. तिथे आरंभी ए लावून ‘एक्विती’ अशी सात अक्षरं पुरी केली. हे प्रोबसचं नाव आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीनंतर लिहिलेल्या एका लॅटिन संक्षिप्त इतिहासात त्याला ‘इक्वितियस प्रोबस’ म्हटलं आहे. नाण्यावर सम्राटाच्या प्रतिमेभोवती गोल फिरणाऱ्या मजकुरात मात्र हे नाव येत नाही.

हे कोणासाठी केलं असेल? बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाच्या हाती सहाही विभागांची नाणी क्रमानं येणं शक्य नव्हतं. मला वाटतं, ही टांकसाळीतल्या अधिकाऱ्यांची आपसातली खूण असावी: कोणत्या खेपेचा माल कोणत्या विभागाचा हे कळावं, आणि धन्याचं नावही त्यात गुंफलं जावं. याच धन्याला २८२ मध्ये सिर्मियमजवळ त्याच्याच सैनिकांनी मारलं. दलदली उपसायच्या कामाला जुंपल्यामुळे ते चिडले होते, असं जुने इतिहासकार सांगतात.

थोड्या पैशांत करण्याजोगा संग्रह मला हाच वाटतो: तिकिनमची सहा नाणी, सहा अक्षरं. घाई करू नये. विक्रेत्याकडून आधीच्या मालकीचा कागद मागून घ्यावा. नाणं स्वस्त आहे म्हणून हा प्रश्न टाळू नये, ब्रुटसच्या नाण्याचं काय झालं ते आपण पाहिलंच. अक्षरांच्या खाचांत मुलामा शिल्लक आहे का ते बघावं. आणि चिंच-लिंबू लावून तांब्याच्या भांड्यासारखं नाणं घासू तर मुळीच नये. उरलासुरला मुलामा त्यात कायमचा जातो. परदेशी संग्राहकांशी अदलाबदलीचा विचार असेल तर तोही सोडावा. आपल्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

सहा पुरी झाली की पुढचा मुक्काम सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. तिथल्या तीन विभागांनी पुढे सम्राट डायोक्लेशियनची ‘योवियस’ आणि सम्राट मॅक्सिमियनची ‘हर्क्युलियस’ ही बिरुदं ग्रीक अक्षरांत तोडून आपसात अशीच वाटून घेतली होती. दोन्ही मिळून सहाच नाणी लागतात, आणि तीही अजून परवडतात.