डबेवाल्याची चेन आणि पोराची चेन

आमच्या फणसवाडीत दुपारी बाराच्या सुमाराला डबेवाल्याची सायकल येते. हँडलला दोन्हीकडे डबे, मागे कॅरिअरवर डबे, सगळे मिळून तीस-चाळीस तरी असतील. तिची चेन काळी, तेलकट, कित्येक पावसाळे काढलेली. ती तुटून रस्त्यात पडलेली मी कधी पाहिली नाही. माझ्या भाच्याची वीस इंची बीएमएक्स जेमतेम बारा किलोची, वर साठ किलोचा पोरगा, आणि तिची चेन आठ महिन्यांत दोनदा तुटली. दुसऱ्या वेळी तो मागच्या चाकावर उभा राहून उडी घेत होता. चेन गेली, पाय रिकामाच खाली गेला आणि हनुवटी हँडलच्या स्टेमवर आदळली. पाच टाके पडले.

त्या रात्री चाळीच्या गॅलरीत सगळे जमले. कोणी म्हणालं जाड चेन घाल, कोणी म्हणालं मोटारसायकलची घाल, कोणी म्हणालं घट्ट आवळून ठेव. सगळे मायेने बोलत होते, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला पोराला पुन्हा पाडणारा होता. म्हणून हे लिहितो आहे. मरीन ड्राइव्हला पहाटे उड्या मारणारी पोरं मी रोज बघतो. त्यांचे गुडघे आणि दात त्या अर्ध्या इंचाच्या कड्यांच्या भरवशावर असतात.

सगळ्यात मोठा गैरसमज डबेवाल्याच्याच सायकलवरून होतो. एवढं वजन ओढणारी चेन तुटत नाही, मग पोराची का तुटते? तर डब्यांचं वजन चाकं उचलतात, चेन नाही. सपाट रस्त्यावर ती सायकल एका चालीने जात राहते, चेनवर ताण अगदी थोडा येतो. चेनला खरा ताण देतो तो पायडलवर उभा राहिलेला पाय. आणि तो ताण किती, हे पुढच्या चेनव्हीलच्या आकारावर ठरतं.

हिशोब सोपा आहे. क्रँक साधारण 170 मिलिमीटर लांब. जुन्या काळ्या सायकलच्या 44 दातांच्या चेनव्हीलची त्रिज्या सुमारे 89 मिलिमीटर. साठ किलोचा माणूस आडव्या क्रँकवर उभा राहिला, की चेन साधारण 115 किलोंच्या ताणाने ओढली जाते. बीएमएक्सच्या 25 दातांच्या चेनव्हीलची त्रिज्या 51 मिलिमीटरच्या आत, तिथे हाच आकडा 200 किलो होतो. ट्रायल्सच्या सायकलला पुढे अवघे 18 दात असतात, त्रिज्या जेमतेम 37 मिलिमीटर. तिथे तोच माणूस, तोच पाय, आणि चेनवर 280 किलो. हे नुसतं उभं राहिल्यावर. उडीच्या क्षणी तो हँडल वर खेचतो आणि सगळं अंग पायडलवर झोकतो, तेव्हा हा ताण दुप्पट व्हायलाही वेळ लागत नाही. छोटं चेनव्हील लावलं की पायाला हलकं वाटतं हे खरं, पण तो हलकेपणा चेनच्या जिवावर मिळतो.

ज्यांनी ट्रायल्स पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: या खेळात पाय जमिनीला न लावता खडक, ओंडके, कठडे यांवरून सायकल उड्या घेत न्यायची असते. शर्यतीच्या ट्रायल्स सायकलला सीटही नसते. बीएमएक्सची शर्यत 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकपासून आहे, तिचा फ्रीस्टाइल प्रकार टोकियोत आला. हे खेळ आपल्या गल्लीत मात्र मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आले. सायकली आल्या, उड्या आल्या, पण मिस्त्रीपासून आईबापांपर्यंत सगळ्यांची समज काळ्या सायकलवरचीच राहिली. त्यात नवल नाही. वरळीला 1939 साली हिंद सायकल्सचा कारखाना सुरू झाला, 1980 च्या कायद्याने तो सरकारकडे गेला, आणि मधल्या काळात गिरणगावातल्या कितीतरी घरांत पहिली सायकल 'हिंद'चीच आली. मद्रासला 1960 मध्ये टीआय डायमंड चेन उभी राहिली आणि देशी चेन मुबलक मिळू लागल्या. त्या चेननी आमच्या वडिलांना मिलमध्ये नेलं आणि आणलं. मजा म्हणजे त्या चेनचं माप आणि आजच्या बहुतेक बीएमएक्स चेनचं माप एकच आहे: कडीपासून कडी अर्धा इंच, आतली रुंदी अष्टमांश इंच. फरक पडला तो कामात.

आता 'जाड चेन म्हणजे मजबूत चेन'. दुकानात 1/8 आणि 3/32 असे दोन आकडे ऐकू येतात, आणि पोरं डोळे मिटून 1/8 मागतात. हे आकडे आतल्या दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेचे आहेत, म्हणजे दाता किती जाड मावेल त्याचे. पोलाद किती जाड, पिन किती कडक, हे त्यातून कळत नाही. केएमसी या तैवानी कंपनीची 3/32 मापातली झेड-610-एचएक्स ट्रायल्सवाले आवर्जून वापरतात, आणि ती काही वजन वाचवणारं खेळणं नाही. माप निवडायचं ते दात्यांवरून. 1/8 ची चेन पातळ दात्यांवर चालते, थोडी खडखडते. पण 3/32 ची चेन जाड दात्यांवर बसतच नाही. पुढचं चेनव्हील आणि मागचं फ्रीव्हील दोन्ही एकाच मापाची असली तर उत्तम.

याच समजुतीचा थोरला भाऊ म्हणजे मोटारसायकलची चेन. फणसवाडीहून काळबादेवीला सायकलच्या दुकानांत जायला दहा मिनिटं लागतात, तिथून पुढे नागदेवी स्ट्रीटला मशिनरीच्या चेन मिळतात. मग कोणीतरी सुचवतंच, की तीही अर्ध्या इंचाचीच आहे, टाक. मोटारसायकलला सर्रास असते ती 428 नंबरची चेन आणि मशिनची 08बी, दोन्हींच्या कड्यांतलं अंतर अर्धा इंच हे बरोबर. पण त्यांचा रोलर 8.51 मिलिमीटरचा, सायकलचा पाऊण मिलिमीटरने लहान. तो सायकलच्या दोन दात्यांमधल्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, वरच तरंगतो. आतली रुंदी अडीच पट, त्यामुळे चेन आडवी डुलते. अशी चेन तुटणार नाही कदाचित, पण ऐन जोराच्या क्षणी दाता सोडून उडी मारेल, आणि पडायचं ते तसंच पडायचं.

मग चेन तुटते कुठे? हे बघायला मी भाच्याची तुटलेली चेन वर्तमानपत्रावर ठेवून भिंग घेऊन बसलो. पट्टी तुटलेली नव्हती. पट्टीचं भोक एका बाजूने ओरखडून मोठं झालं होतं आणि पिन तिरकी होऊन त्यातून निसटली होती. चांगली नवी चेन सरळ ओढली तर आठशे किलोंच्या आसपास ताण सोसते. ती मधोमध क्वचितच तुटते. ती सुटते जोडावर.

आणि तो जोड लावताना झालेली चूक ही आपल्याकडची जुनी, प्रामाणिक सवय आहे. पूर्वीच्या चेनची पिन बाहेर जरा लांब असायची. मिस्त्री पंच मारून ती अर्धी बाहेर काढायचा, चेन कमी-जास्त करायचा आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत तीच पिन परत बसवायचा. चालायचं. आजच्या पुष्कळ चेनमध्ये पिनेचं डोकं कारखान्यात दाबून फुलवलेलं असतं, ते पट्टीला धरून ठेवतं. ही पिन बाहेर ढकलली, की ते फुललेलं डोकं भोकाची कड खरवडत जातं. परत आत घातली तर दिसायला साफ, पण पकड गेलेली. भाच्याची चेन पहिल्यांदा तुटल्यावर फुटपाथवरच्या एका हातगाडीवर अशीच जोडून घेतली होती. त्या माणसाने पैसेसुद्धा घेतले नाहीत. त्याचं चुकलं म्हणवत नाही, त्याने तीस वर्षं जे केलं तेच केलं. पण उड्यांच्या सायकलला काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही. त्या चेनबरोबर आलेली नवी जोडपिन किंवा त्याच कंपनीचं, त्याच मापाचं चेनलॉक घ्यायचं.

चेनलॉकमध्येही बघायचं. क्लिपचं लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी. उलटी बसवली तर कशालाही अडकून उघडते. आणि ट्रायल्समध्ये चेनव्हील दगडावर आपटतंच, तिथे क्लिपपेक्षा पिनेचा पक्का जोड मला भरवशाचा वाटतो. जोडल्यावर पिन दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर आली आहे का, ते नखाने चाचपून बघा. कडी कडक वळत असेल तर ती तशी सोडू नका.

हाफलिंक चेन दिसायला रुबाबदार, प्रत्येक कडी वाकडी. तिचा फायदा एवढाच, की लांबी अर्ध्या इंचाने जुळवता येते. मजबुतीशी त्याचा संबंध नाही. वाकवलेली पट्टी ओढली गेली की सरळ व्हायला बघते. साध्या चेनमध्ये गरजेपुरती एकच हाफलिंक घातली तरी तेच काम होतं. स्टेनलेसचंही तसंच. चकाकते, गंजत नाही, पण ते पोलाद साधारणपणे त्या मानाने मऊ असतं.

चेन घट्ट आवळली की उतरत नाही, हे अर्धं खरं आहे. चेनव्हील कधीच तंतोतंत गोल बसलेलं नसतं, त्यामुळे क्रँक फिरवली की चेन कुठे सैल, कुठे ताठ होते. सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे चेन मधोमध बोटाने साधारण एक सेंटिमीटर वर-खाली हलेल एवढी ढील ठेवायची. त्याहून आवळली तर बेअरिंगं आणि पिना दोन्ही झिजतात.

'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या रबरासारख्या लांबत नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक जोडात केसाएवढी फट पडते आणि सगळ्या जोडांची मिळून चेन लांबते. हे मोजायला शाळेतली फूटपट्टी पुरते. एका पिनेचा मध्य शून्यावर धरा. नव्या चेनमध्ये तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच पुढे गेली, की उड्या मारणाऱ्याने चेन बदलावी. 1/8 इंच गेली तर दातेही खराब झाले असणार. मग नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर घसरते, आणि दोष नव्या चेनला दिला जातो.

आपल्याकडे एक जास्तीचा शत्रू आहे तो समुद्र. चौपाटीहून आलेला खारा वारा गॅलरीत टांगलेल्या सायकलला लागतोच. वरचा निकेलचा थर पट्टीची बाहेरची बाजू वाचवतो, पिन आणि बुशमध्ये तो पोचत नाही. त्यावर उपाय म्हणून गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतणं हा सर्वांत वाईट उपाय. त्यात इंजिनातला धातूचा बारीक कीस असतो, तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. पावसाळ्यात भिजून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा एक थेंब सोडा, क्रँक उलटी फिरवा आणि बाहेरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल नुसती धूळ धरतं. नवी चेन मात्र रॉकेलने धुऊ नका, कारखान्यातून आत भरलेलं ग्रीस हेच तिचं खरं वंगण.

भाच्याला आता नवी चेन घेतली आहे. काळबादेवीच्या दुकानात त्याने जुनं फ्रीव्हील खिशातून काढून काउंटरवर ठेवलं, दाता मापला, पिनांच्या डोक्यांवरून बोट फिरवून पाहिलं. दुकानदार म्हणाले, "एवढं बघून कोणी घेत नाही रे." चेन कमी करताना उरलेले सहा तुकडे आणि एक नवं लॉक त्याने जुन्या मोज्यात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत ठेवलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गॅलरीत फूटपट्टी घेऊन बसतो. परवा शेजारच्या दोन पोरांच्या सायकलीही त्याच्यापुढे उलट्या करून ठेवलेल्या होत्या.