बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर पुन्हा कामाला लावताना

द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये आठ-दहा फुटांची वाट, डोक्यावर मांडवाच्या तारा आणि मागे फवारणीचा ब्लोअर. या वाटेतून मोठा ट्रॅक्टर जात नाही. म्हणून निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत आणि सांगोल्याच्या डाळिंब बागांतही १५ ते २८ एचपीचे अरुंद, बुटके ट्रॅक्टर दिसतात. मित्सुबिशी शक्ती एमटी १८०डी, महिंद्रा युवराज २१५, स्वराज ७१७, कुबोटा बी२४४१ ही त्यातली ओळखीची नावं. यातलाच एखादा कुणाच्या तरी शेडमागे ताडपत्रीखाली उभा असतो आणि मालक तो काढायच्या विचारात असतो. असा ट्रॅक्टर घेऊन आपण तो उभा करू शकतो. त्यासाठी आपल्याला मेकॅनिक असण्याची गरज नाही. कामाचा क्रम पाळायची तयारी हवी आणि तोच ट्रॅक्टर चालवणाऱ्या दोन-तीन माणसांची साथ हवी.

ही साथ सर्वांत आधी मिळवावी, ट्रॅक्टर घेण्याच्याही आधी. प्रत्येक मॉडेलची काही दुखणी ठरलेली असतात. कुठलं सील आधी गळतं, कुठला बोल्ट ढिला होतो, कुठल्या पार्टला दुसऱ्या गाडीचा पार्ट बसतो, हे पाच-सात वर्षं तोच ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. आसपासच्या चार गावांत असा कोण आहे, हे फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानदाराला किंवा लेथवाल्याला विचारलं की कळतं. त्या माणसाकडे जाताना “चालू होत नाही, काय करू?” एवढंच विचारू नये. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं का, धूर येतो का, कोणत्या रंगाचा येतो, शेवटचा कधी चालला होता, हे सांगितलं तर “अण्णा, जरा बघायला येता का?” म्हटल्यावर ते योग्य हत्यारं घेऊनच येतात.

कागदपत्रं हा पहिला टप्पा, आणि घाईत तोच राहून जातो. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघावा. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टरवर कर्ज असेल, म्हणजे आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो, असं फार वेळा आढळतं.

ट्रॅक्टर बघताना तासांच्या मीटरवर भिस्त ठेवू नये. केबल तुटली की मीटर थांबतं आणि ट्रॅक्टर चालतच राहतो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय, स्टिअरिंगला किती ढिल आहे, मागच्या पीटीओ शाफ्टच्या खाचा किती खाल्ल्या आहेत, हे बघावं. पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला पोचवणारा मागचा फिरता दांडा. बागेतला ट्रॅक्टर ब्लोअर ओढतो तेव्हा हा दांडा तासन्‌तास फिरत असतो, त्यामुळे खरं आयुष्य त्याच्या खाचांवरच वाचता येतं. चार चाकांना गती देणारा ट्रॅक्टर असेल तर पुढचे आणि मागचे टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच आहेत ना, हे जरूर तपासावं. मापाचं गणित चुकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झटत राहतात आणि गिअर खराब होतात.

घरी आणल्यावर सेल्फ मारायचा मोह आवरावा. आधी धुलाई. पण धुण्यापूर्वी तेल-डिझेलचे ओघळ कुठून आलेत त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, कारण पाणी मारल्यावर गळतीचा माग पुसला जातो. डायनॅमो, सेल्फ आणि डिझेल पंपावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि प्रेशरचं पाणी त्यांच्यावर मारू नये.

बागेतल्या ट्रॅक्टरचं एक खास दुखणं धुताना दिसतं. मागच्या बाजूला, वायरिंगच्या जोडांवर, दिव्यांच्या पाठीमागे निळसर-हिरवी पापडी जमलेली असते. वर्षानुवर्षं ब्लोअरमधून उडालेलं बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त औषधं तिथे बसून धातू खात असतात. बोटाने खरवडलं तर पापडी निघते, खाली लोखंड खवल्यासारखं सुटलेलं असतं. असा जोड वरून चांगला दिसला तरी आत वीज अडते. तो सोडवून, घासून, गरज असेल तर नवीन टर्मिनल लावून, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

आता तेलं आणि पाणी बघायचं. इंजिनची डिपस्टिक काढून तेल बोटावर घ्यावं. दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर त्यात पाणी शिरलंय. पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा डिझेल पंपाचं सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. दोन्ही स्थितींत इंजिन सुरू करू नये, आधी कारण शोधावं. तेल ठीक असलं तरी जुनं काढून टाकून फिल्टरसकट नवीन घालावं.

इंजिन जाम आहे का, हे हाताने बघावं. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावावा आणि दोन पूर्ण फेरे फिरवावेत. फिरत नसेल तर नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल थोडं सोडावं आणि चार दिवस वाट बघून पुन्हा हलका जोर द्यावा. जाम इंजिनाचा ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. त्यात चिकटलेल्या रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोडक्यात सुटणारं काम फुल इंजिनवर जातं. तेल टाकलं असेल, तर नोझल पुन्हा बसवण्याआधी इंजिन फिरवून उरलेलं तेल बाहेर फेकू द्यावं. पिस्टनच्या डोक्यावर साचलेलं तेल दाबलं जात नाही, त्यानेही रॉड वाकतो.

पुढे हवेची वाट. मला विचाराल तर छोट्या ट्रॅक्टरची इंजिनं सर्वांत जास्त धुळीने मरतात. अनेक मॉडेलांत एअर क्लीनरखाली तेलाची वाटी असते, हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. वाटीच्या तळाशी चिखल असेल तर डिझेलने धुऊन खुणेपर्यंतच ताजं तेल भरावं. मग क्लीनरपासून इंजिनपर्यंत जाणारा रबरी पाइप काढून, वाकवून उजेडात धरावा. सरळ ठेवल्यावर न दिसणारी चीर वाकवल्यावर उघडते. त्या केसाएवढ्या चिरेतून गेलेली माती थेट लायनर घासते, क्लीनर कितीही स्वच्छ असला तरी. हा पाइप जुना वाटला की बदलावाच.

डिझेलची टाकी खाली करून तळ बघावा. पाणी, गंज, काळा चिकट गाळ, सगळं तिथे असतं. टाकी धुऊन, फिल्टर बदलून ताजं डिझेल भरलं की लाइनमधली हवा काढायची. डिझेल इंजिनात पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पंपाला दाब मिळत नाही आणि ट्रॅक्टर सुरू होत नाही; यालाच एअर लॉक म्हणतात. फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हातदट्ट्या मारत राहावा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळावा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूला तेच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मारावा, डिझेल उडू लागलं की एकेक नट आवळावा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी. नोझलच्या तोंडासमोर बोट कधीही धरू नये. तिथला दाब इतका असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरतं, आणि ही जखम टोचल्यासारखी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन सुरू झाल्यावर साधारण १४ व्होल्ट दिसले म्हणजे डायनॅमो काम करतोय. सेल्फ मलूल फिरत असेल तर नवीन बॅटरी आणण्याआधी अर्थिंगची पट्टी सोडवून दोन्ही टोकं लखलखीत घासावीत. मी बघितलेल्या मलूल सेल्फांपैकी बरेच एवढ्यावर बरे झाले. थंडीत सुरू होत नसेल तर ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडरमधली हवा तापवणारे हीटर, तपासावेत. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नये, आत भडका होऊन पिस्टन फुटू शकतो.

पहिल्यांदा सुरू करताना सोबत माणूस हवाच. आधी स्टॉपची दांडी ओढून धरून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारावा. सोबत्याच्या हातात हवेच्या पाइपचं तोंड पूर्ण झाकेल अशी लाकडी फळी द्यावी. बरेच दिवस उभ्या असलेल्या डिझेल पंपाचा रॅक चिकटला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं आणि स्टॉपलाही दाद देत नाही. तेव्हा हवा कोंडूनच ते बंद करता येतं. हात वापरू नये, फळीच वापरावी.

सुरू झालं की धूर वाचावा. थंड इंजिनाचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत जायला हवा. लोड देताच काळा धूर येत असेल तर हवा कमी पडतेय किंवा नोझल बिघडलंय. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर भकभक वाफा येत असतील तर मिस्त्री म्हणतात, “बॅक कॉम्प्रेशन मारतंय.” म्हणजे रिंगांमधून दाब खाली निसटतोय. तरी इंजिन खोलायचा निर्णय यावरच घेऊ नये. कॉम्प्रेशन गेज उसना आणून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा आणि तो पुस्तकातल्या आकड्याशी व एकमेकांशी ताडून बघावा. एका सिलिंडरचा कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. हेड उघडून व्हॉल्व्ह बसवणं आणि पूर्ण इंजिन करणं यांच्या खर्चात मोठा फरक आहे, आणि तो या चमचाभर ऑईलवर ठरतो.

हेड उघडलंच तर बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा गॅस्केट खातं. टॅपेटची फट पुस्तकाप्रमाणे फीलर गेजने ठेवावी. कंपनीचं पुस्तक नसेल तर इथेच त्या अनुभवी शेतकऱ्याचं दार पुन्हा वाजवावं, त्यांच्याकडे तेलकट झालेली का होईना, प्रत असते.

रेडिएटरची जाळी आतून म्हणजे इंजिनच्या बाजूने पुढे, अशा दिशेने पाणी मारून धुवावी, कारण पाला आणि औषधाची पूड पुढून अडकलेली असते. बोअरचं पाणी भरत आलेल्या रेडिएटरमध्ये क्षार बसतात, म्हणून पुढे कूलंटच वापरावा. थर्मोस्टॅट जागेवर आहे का, तेही बघावं. “गरम होतंय” म्हणून कुणीतरी तो काढून फेकलेला असतो. त्याने मूळ दुखणं जात नाही, उलट इंजिन थंडच राहून लवकर झिजतं.

क्लच चिकटलेला असणं अगदी नेहमीचं. इंजिन अर्धा तास तापवून बंद करावं, पेडल दाबून लाकडाने अडकवून रात्रभर ठेवावं. बऱ्याचदा प्लेट सुटते. नाही सुटली तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करावा लागतो आणि हे एकट्याचं काम नव्हे. यात एक गोष्ट नवख्या माणसाला माहीत नसते: पुढचा आस मधल्या एका पिनीवर डुलता असतो. मागचा भाग सुटला की इंजिन एका अंगाला कलंडतं. म्हणून आधी आसाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात, दोन्ही भागांखाली भक्कम स्टँड द्यावेत, विटा नकोत. क्लच प्लेट बदलणार असाल तर बेअरिंग आणि मागचं क्रँकचं सीलही त्याच वेळी बदलावं. दोन्ही पार्ट तुलनेने स्वस्त असतात, पुन्हा ट्रॅक्टर खोलणं महाग पडतं.

लिफ्टला जड अवजार लावून बघावं. वर जातच नसेल तर आधी तेलाची पातळी आणि सक्शनची जाळी, वर जाऊन हळूहळू खाली येत असेल तर आतल्या पिस्टनची ओ-रिंग. काम करताना अवजार जमिनीवर टेकवलेलंच असावं, उचललेल्या अवजाराखाली हात घालू नये. पीटीओचं कव्हर हरवलेलं असेल तर तेवढं लावल्याशिवाय ट्रॅक्टर बागेत नेऊ नये. साडीचा पदर, उपरणं, सैल बाही, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणारा दांडा काहीही ओढून घेतो.

ही सगळी कामं खरड छाटणीनंतर हाती घ्यावीत. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीला उसंत नसते, तेव्हा अर्धवट खोललेला ट्रॅक्टर परवडत नाही. इंजिनचं काम केलं असेल तर पहिले ५० तास हलकं काम घ्यावं, मग ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदलावेत, टॅपेट आणि सगळे नटबोल्ट बघून घ्यावेत.

रंग सर्वांत शेवटी. गळती कुठे राहिलीय हे बिनरंगाच्या इंजिनावर चटकन दिसतं, म्हणून महिनाभर तसाच चालवावा. रंगवताना रेडिएटरची जाळी, ग्रीसचे निपल, अर्थिंगची जागा झाकून घ्यावी. चेसिस नंबरावर चिकटपट्टी लावायला विसरू नये, रंगाने बुजलेला नंबर आरटीओच्या तपासणीत वाचता येत नाही.