पेटी पुन्हा भरताना

२३ ऑगस्ट २०२४ रोजी भारताने कीव्हमध्ये युक्रेनला चार ‘भीष्म’ क्यूब भेट दिले. जखमींवर उपचार करणारा अख्खा दवाखाना पेट्यांत भरून देतात, म्हणजे नेमकं काय देतात? हा प्रश्न पाठ सोडेना, म्हणून नागपुरात या क्यूबच्या एका प्रशिक्षणाला गेले.

एका चौकटीत ३६ पेट्या. तंबू, दिवे, शस्त्रक्रियेचं सामान, औषधं. वीज आणि थोडाफार ऑक्सिजन तयार करण्याची सोयसुद्धा. दिवसाला १० ते १५ छोट्या शस्त्रक्रिया होऊ शकतात, साधारण २०० रुग्ण सांभाळता येतात. “१२ मिनिटांत उभं राहतं,” प्रशिक्षक म्हणाले. नव्या प्लास्टिकचा आणि स्पिरिटचा वास हॉलभर पसरला होता.

माझं लक्ष मात्र एका सिस्टरकडेच जात राहिलं. रक्तस्राव थांबवण्याची पेटी त्यांच्याकडे होती. एका मुलाने सोबत्याच्या मांडीला टूर्निकेट बांधलं. सिस्टरांनी पट्ट्याखाली दोन बोटं सारली. “सैल आहे. हा गेला तुझ्या हातून. सोड, पुन्हा बांध.” त्याने पुन्हा बांधलं. “अजून पीळ. ओरडला तरी थांबायचं नाही. आणि बांधल्याची वेळ लिही, पुढच्या डॉक्टरला तीच लागते.”

प्रशिक्षकांनी ती १२ मिनिटं पुन्हा सांगितली. सिस्टर तोवर पेटी भरत होत्या. प्रत्येक वस्तू ठरल्या खणात. “उघडणं सोपं आहे हो,” त्या मला म्हणाल्या. “गॉझ संपलं की कुठून आणायचं, ते आधी ठरवावं लागतं.”

१९३८ साली याच नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणखी तीन डॉक्टरांबरोबर युद्धात सापडलेल्या चीनला गेले. कोटणीस तिथेच राबले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. तेव्हा देशाने माणसं दिली होती. आज पेट्या जातात, आणि आकाशातून उतरवता येणारी पेटी जिथे पोहोचेल तिथे डॉक्टर पोहोचेलच असं नाही. म्हणून युक्रेनला दिलेली ही भेट मला मोलाची वाटते.

पण युद्ध पहिल्या २०० जखमींवर थांबत नाही. युक्रेनला क्यूबसोबत प्राथमिक प्रशिक्षणासाठी भारतीय तज्ज्ञही दिले गेले. या दानातला तो सगळ्यात खरा भाग. त्याला जोड हवी नियमित भरणीची. औषधांची मुदत संपते, गॉझ संपतं, शिकलेली माणसं बदलतात. दवाखाना दिला असं म्हणायचं, तर रिकामी झालेली पेटी भरून देण्याची हमीही त्याच दिवशी द्यायला हवी.