एक्सपल्स, हिमालयनचा सायलेन्सर बदलताय? पैसे मोजायच्या आधी हे वाचा

पाटण, जावळी, वाई या आपल्या डोंगरी भागात हिरोची एक्सपल्स आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन या गाड्या आता गावोगावी दिसतात. डांबरीवरही चालतात आणि पाणंदीतूनही जातात, म्हणून पोरांना आवडतात. शेतात, दूध संकलनाला, घाटात कुठंही न्या. पण गाडी घेऊन महिना होतो न होतो तोच दुसरा खर्च डोक्यात येतो. कंपनीचा सायलेन्सर काढायचा आणि बाहेरचा बसवायचा. मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो, आवाज आवडलेला असतो. ताकद वाढते, गाडी हलकी होते, असं त्यात सांगितलेलं असतं.

यातलं खरं किती ते बघू.

आधी ताकदीचं. एक्सपल्स फोर-व्हीचं इंजिन २०० सीसीचं, ताकद सुमारे १९ पीएस. नुसता मागचा डबा बदलला (याला स्लिप-ऑन म्हणतात) तर फरक अर्ध्या-एक पीएसचा, तोही इंजिन फुल रेसमध्ये असताना. चिखलात, चढाला, मागं खताचं पोतं बांधून आपण गाडी चालवतो ती पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, कमी रेसमध्ये. तिथं खालची ओढ लागते. पाईप जास्त मोकळा केला की धूर बाहेर पडायचा वेग मंदावतो आणि नेमकी हीच खालची ओढ मरते. आवाज वाढल्यामुळं गाडी पळतेय असं वाटतं, पण कानाला वाटणं वेगळं आणि चाकाला मिळणं वेगळं.

वजनाचं म्हणणं मात्र खरं आहे. कंपनीचा सायलेन्सर जड असतो, कारण आत कप्पे असतात आणि धूर स्वच्छ करणारा कॅटेलिटिक कन्व्हर्टर धरला तर ते वजन आणखी वाढतं. बाहेरचा दोन-तीन किलोनं हलका मिळतो. पण एक्सपल्स १५८ किलोची, जुनी ४११ सीसी हिमालयन १९९ किलोची. तीन किलो म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. जे शर्यतीत उतरतात, उड्या मारतात, त्यांना तो फरक कळेल. बाकीच्यांनी पेट्रोलची टाकी अर्धी ठेवली तरी तेवढंच वजन उतरतं.

आता बीएस-६ चा मुद्दा, जो दुकानदार सहसा सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ आहेत. सायलेन्सरच्या पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो बघतो आणि गाडीचा कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. बेंड पाईपपासून पूर्ण सिस्टीम बदलली तर हे गणित बिघडतं. हळू चालवताना कॉम्प्युटर थोडंफार सावरून घेतो, पण फुल अॅक्सिलरेटर दिला की तो आत भरलेल्या जुन्या आकड्यांवर चालतो. मग हवा जास्त, पेट्रोल कमी अशी स्थिती होते. इंजिन तापतं आणि अॅक्सिलरेटर सोडला की फट्-फट् आवाज येतो. पोरं त्यालाच मजा समजतात. एक्सपल्स आणि जुनी हिमालयन या दोन्ही हवेवर-तेलावर थंड होणाऱ्या गाड्या आहेत, त्यांना ही जादा उष्णता परवडत नाही. कॉम्प्युटर नव्यानं सेट करायचा म्हटलं तर तो खर्च वेगळा. आणि वॉरंटीत इंजिनाचं काम निघालं तर कंपनी हात वर करू शकते.

कायदा तर स्पष्टच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-प्रदूषणाचं कलम १९०(२) लागलं तर दंड दहा हजारांपर्यंत, आणि लायसन्स तीन महिने रद्द होऊ शकतं. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही बघितलेच असतील. दुकानदार म्हणेल, "ह्याला कोण पकडत नाही." त्याला एकच विचारा, माझ्या मॉडेलसाठी ह्या सायलेन्सरला मंजुरीचा कागद आहे का? कागद दाखवला तर पुढची बोलणी. पाईपच्या तोंडाला आवाज दाबणारी जाळी असते, ती काढून फिरणारे तर जास्तच सापडतात.

पण दंडापेक्षा मला गावातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे जनावरं. धार काढताना दारावरून फटाके वाजवत गाडी गेली की म्हैस पान्हा चोरते, हे ज्याच्या घरी दुभतं आहे त्याला सांगावं लागत नाही. सकाळचं लिटरभर दूध गेलं तर भरून कोण देणार? शाळा आणि दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथं दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. हे ग्रामपंचायतीनं बोर्डावर लिहायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट आग. फेब्रुवारीपासून आपले डोंगर वाळलेल्या गवतानं भरलेले असतात आणि एक ठिणगी वणव्याला पुरते. आतले कप्पे काढलेल्या मोकळ्या पाईपमध्ये न जळालेलं पेट्रोल पेटून तोंडाशी जाळ येतो, काजळीचे निखारे उडतात. अमेरिकेत सरकारी जंगलात असल्या गाड्या न्यायच्या तर ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची आहे. आपल्याकडं तशी सक्ती नाही. अर्थात कंपनीचा सायलेन्सरही भरपूर तापतो, त्यामुळं वाळल्या गवतात किंवा कडब्याच्या गंजीला टेकून कुठलीच गाडी लावू नका.

मग सायलेन्सर कधीच बदलू नये का? सडला, फुटला, पडून चेपला तर बदलावाच लागतो. आपल्याकडच्या पावसात तो आतून गंजतो. रोज नुसतं घर ते मळा अशी दोन किलोमीटर गाडी चालवली तर आतलं पाणी सुकतच नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा. बऱ्याच सायलेन्सरला खालच्या बाजूला बारीक भोक असतं, ते पाणी निघायला ठेवलेलं आहे. लीकेज समजून ते वेल्डिंगनं बुजवू नका. जोडावर काळी काजळी दिसली तर बहुतेक वेळा नुसतं पॅकिंग गेलेलं असतं. थोडक्या पैशाचं काम. चीर पडली असेल तर सायलेन्सर उतरवून वेल्डिंग मारून घ्या. गाडीवरच वेल्डिंग मारलं तर कॉम्प्युटर उडू शकतो, आणि वर पेट्रोलची टाकी आहेच.

दहा-पंधरा हजार खर्चायचेच असतील तर टायर बघा, इंजिनाखालचा पत्रा मजबूत करा, चेन-स्प्रॉकेट चांगलं टाका. चिखलात ह्याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

आणि जुनी गाडी घेत असाल तर एक काम नक्की करा. तिला बाहेरचा सायलेन्सर असेल तर व्यवहाराआधीच कंपनीचा मूळ सायलेन्सर मागून घ्या. बहुतेकांच्या माळ्यावर तो पोत्यात बांधून पडलेला असतो. नसेल, तर नव्याची किंमत शोरूममध्ये विचारा आणि तेवढे पैसे गाडीच्या किमतीतून कापा.